गावचे ग्रंथालय आणि उपग्रहांच्या नोंदी
शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षकांसाठी : इयत्ता सहावी ते आठवी

ग्रंथालय म्हणजे छापील पुस्तकांचा संग्रह, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु संग्रह हे ग्रंथालयाचे केवळ बाह्य रूप होय. हाती आलेले ज्ञान क्रमवार लावून ठेवणे, जो मागेल त्यास ते देणे आणि आज लिहिलेले पन्नास वर्षांनंतर येणाऱ्या वाचकास सापडेल अशी व्यवस्था करणे, हे त्याचे खरे कार्य आहे. हे कार्य ध्यानात घेतले म्हणजे, गावच्या ग्रंथालयाच्या गच्चीवर उपग्रहांचे संकेत ऐकणारी एक साधी अँटेना असावी आणि त्या संकेतांच्या नोंदी ग्रंथालयाने सर्वांस खुल्या ठेवाव्यात, ही कल्पना प्रथम ऐकताना वाटते तितकी विलक्षण राहत नाही.

प्रस्तुत पाठाचे हेतू तीन आहेत. उपग्रहाचा संकेत जमिनीवर कसा पकडतात, हे मुलांस प्रत्यक्ष कृतीतून कळावे. वेळ, स्थळ व निरीक्षण यांची नोंद चोख कशी करावी, याचे वळण लागावे. आणि ज्ञान हे केवळ घ्यावयाचे नसून त्यात आपणही भर घालावयाची असते, ही जाणीव त्यांच्या मनात रुजावी.

१. भूकेंद्र म्हणजे काय?

उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणारे जमिनीवरील ठिकाण म्हणजे भूकेंद्र. पुणे जिल्ह्यास ही गोष्ट नवी नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले मोठे उपग्रह-दळणवळण केंद्र सुरू झाले आणि त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. त्याच परिसरात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. ही दुर्बीण उपग्रहांचे नव्हे, तर तारे व दीर्घिका यांच्याकडून येणारे रेडिओसंकेत टिपते. परंतु तिची एक पद्धत आपल्या विषयाशी फार जवळची आहे. तेथे एखाद्या संशोधकाने घेतलेल्या नोंदी ठरावीक मुदतीपुरत्याच त्याच्यासाठी राखून ठेवल्या जातात. त्यानंतर त्या इतर अभ्यासकांस खुल्या होतात. एकाने पाहिले ते अनेकांच्या उपयोगी पडावे, हा तिच्यामागील विचार होय.

ही केंद्रे प्रचंड असल्यामुळे भूकेंद्र म्हणजे केवळ शासनाने उभारावयाची वस्तू, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः पृथ्वीजवळून फिरणाऱ्या लहान उपग्रहांचे संकेत ऐकण्यास दोन धातूच्या सळ्यांची अँटेना, थोडी केबल, हाताच्या बोटाएवढे ग्राहकयंत्र आणि एक साधा संगणक एवढी सामग्री पुरते. अँटेनाची लांबी काढणे हा तर अंकगणिताचाच एक पाठ आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील हौशी रेडिओचे संकेत १४५.८ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर येतात. ३०० या संख्येस १४५.८ ने भागले असता लहरीची लांबी सुमारे २.०६ मीटर येते. तिचा चौथा भाग सुमारे ५१ सेंटिमीटर. प्रत्येक सळी याहून किंचित आखूड कापली म्हणजे अँटेना तयार होते.

२. पुणे आणि मुंबई येथील विद्यार्थ्यांचे उपग्रह

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने अवकाशात गेला. त्याचे वजन एक किलोग्रॅमच्या आत होते आणि आकार साधारणपणे दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढा होता. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रेडिओ संदेश पोहोचविणे आणि चुंबकाच्या योगाने उपग्रहास योग्य दिशेस स्थिर ठेवणे, हे त्याचे प्रयोजन होते.

त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ ने सोडण्यात आला. त्याचे वजन सुमारे दहा किलोग्रॅम होते. वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे आयनांबरात, विद्युत्कण किती आहेत हे मोजणे, हा त्याचा उद्देश होता. उपग्रह वरून संकेत पाठवी. तो त्या थरातून येताना त्यात जो बदल होई, तो जमिनीवर मोजावयाचा होता. मात्र एकाच ठिकाणी मोजल्यास एकाच जागेवरील थर कळतो. म्हणून या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस भूकेंद्र उभारण्याचे शिक्षण दिले. ज्या विद्यालयापाशी स्वतःचा उपग्रह नाही, तेही जमिनीवरून त्या प्रयोगाचे भागीदार होऊ शकते, हे या उपक्रमाने दाखवून दिले. आपल्या पाठाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. उपग्रह एक असतो; ऐकणारी केंद्रे जितकी अधिक, तितके ज्ञान अधिक.

३. ग्रंथालये या कार्यात कशी आली?

ग्रीस देशात अथेन्स येथील काही तंत्रज्ञांनी २०१४ साली ‘सॅटनॉग्ज’ नावाची योजना मांडली. जगातील कोणीही लहान भूकेंद्र उभारावे, ते एका जाळ्यास जोडावे आणि त्यावर ऐकलेल्या प्रत्येक संकेताची नोंद सर्वांस विनामूल्य खुली असावी, असे तिचे स्वरूप आहे. यंत्राची रचना व संगणकाची आज्ञावली हीदेखील गुप्त न ठेवता प्रसिद्ध करण्यात आली. पुढे हे काम ‘लिब्रे स्पेस फाउंडेशन’ या संस्थेने चालविले. अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राच्या वोलबाख ग्रंथालयाने या संस्थेच्या सहकार्याने ग्रंथालयांतून अशी भूकेंद्रे बसविण्याचा उपक्रम हाती घेतला.

हे कार्य ग्रंथालयाचेच का, असा प्रश्न शिक्षकांच्या मनात येईल. आपल्या भागातील ग्रंथालय चळवळीकडे पाहिले असता त्याचे उत्तर मिळते. सयाजीराव महाराज गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था लावली. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविण्यात येत. वाचकाने ज्ञानाकडे येण्याची वाट न पाहता ज्ञानाने वाचकाकडे जावे, हे त्यामागील सूत्र होते. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांस शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढविणे, त्यास क्रमांक देणे, विषयवार लावणे आणि मागणाऱ्यास देणे, ही शिस्त या ग्रंथालयांच्या अंगवळणी पडलेली आहे. उपग्रहाच्या नोंदींस हीच शिस्त लागते.

४. नोंद कोणाजवळ राहावी?

शाळांतील निरीक्षणाच्या उपक्रमांचा एक अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादा उत्साही शिक्षक पर्जन्यमापक बसवितो. मुले रोज माप घेतात. दोन पावसाळे वही उत्तम चालते. तिसऱ्या वर्षी शिक्षकाची बदली होते, मोठी मुले हायस्कुलास जातात आणि ती वही कपाटाच्या तळाशी जाऊन पडते. यात दोष कोणाचाही नाही. शिक्षकाची बदली होणे आणि मुलांनी वरच्या वर्गात जाणे, हे स्वाभाविकच आहे. परंतु दहा वर्षांच्या सलग नोंदीस जे मोल येते, ते दोन वर्षांच्या तुटक नोंदीस येत नाही. माणसे बदलली तरी जी संस्था त्याच जागी राहते, तिच्या हवाली नोंद केली पाहिजे. गावात अशी संस्था म्हणजे ग्रंथालय होय.

नोंद जपण्याची निकड किती असते, हे अलीकडच्या एका घटनेवरून दिसते. अमेरिकेचे हवामान-उपग्रह अनेक दशके ढगांची चित्रे १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सोप्या पद्धतीने प्रक्षेपित करीत असत. जगभरच्या शाळांतील मुले साध्या अँटेनाने ती उतरवून घेत. या मालिकेतील शेवटचे तीन उपग्रह, नोआ-१८, नोआ-१९ आणि नोआ-१५, २०२५ सालच्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत बंद करण्यात आले. आता ती चित्रे पुन्हा उतरविता येणार नाहीत. ज्यांनी आपण घेतलेली चित्रे तारीख-वेळेसह जपून ठेवली, त्यांच्यापाशी आपल्या गावावरून गेलेल्या मेघांचा इतिहास राहिला. ज्यांनी पाहून सोडून दिली, त्यांच्यापाशी केवळ आठवण राहिली. उपग्रहाचे आयुष्य मर्यादित असते, यंत्रही जुने होते. टिकावयाची असते ती नोंद.

५. वर्गात करावयाचे विवेचन

अवकाशस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदास सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जाते आणि सुमारे ९३ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. त्यामुळे ते एका गावाच्या आकाशात एका वेळी फार तर दहा-अकरा मिनिटे असते. ते क्षितिजावर येण्यापूर्वी अँटेना तयार नसेल तर संधी गेली, हे मुलांस आधीच सांगावे. वेळ पाळण्याचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

संकेत ऐकताना त्याची वारंवारता थोडीथोडी बदलत जाते. याचे कारण समजावण्यास दौंड तालुक्यातील मुलांस उदाहरण शोधावयास लांब जावे लागणार नाही. केडगावसारख्या स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा, गाडी जवळ येत असता उंच स्वरात ऐकू येतो आणि ती पुढे निघून जाताच त्याचा स्वर उतरतो. भोंगा तोच असतो; गाडीच्या गतीमुळे ध्वनिलहरी प्रथम दाटतात व मग विरळ होतात. उपग्रहाच्या रेडिओलहरींचेही तसेच होते. १४५.८ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो. या फरकाचा आलेख काढला असता उपग्रह डोक्यावर सर्वांत जवळ कोणत्या क्षणी आला, हे मुलांस आपल्या हाताने शोधता येते.

शिरूर आणि दौंड ही गावे सरळ रेषेने एकमेकांपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहेत. अवकाशस्थानक ज्या भूभागावरून एकाच वेळी दिसू शकते, त्याची त्रिज्या सुमारे २,२०० किलोमीटर असते. म्हणजे दोन्ही गावांस एकच फेरी जवळजवळ एकाच वेळी ऐकू येते. मग दोन केंद्रे कशास हवीत, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्यास उत्तर असे द्यावे : एका गावी वीज गेली, तर दुसऱ्या गावची नोंद कामी येते, आणि दोन्ही नोंदी जुळल्या, तर त्या खऱ्या असल्याची खात्री वाढते. एका साक्षीदारापेक्षा दोन साक्षीदार बरे.

६. नोंदवहीची मांडणी

पुस्तकाच्या दाखल नोंदवहीप्रमाणे उपग्रहाच्या नोंदवहीसही ठरलेले रकाने असावेत : अनुक्रमांक, दिनांक, आरंभीची व अखेरची वेळ, केंद्राचे स्थान, उपग्रहाचे नाव, वारंवारता, आकाशाची स्थिती, काय ऐकू आले, आणि ध्वनिमुद्रण ठेवले असल्यास त्याचा क्रमांक.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले म्हणजे ती मिळते. असे केल्याने शिरूरची नोंद अथेन्सच्या नोंदीशी कोणतेही कोष्टक न पाहता ताडून पाहता येते. स्थान अक्षांश-रेखांशांत लिहावे. शिरूर साधारणपणे १८.८ अंश उत्तर व ७४.४ अंश पूर्व, तर दौंड १८.५ अंश उत्तर व ७४.६ अंश पूर्व येथे आहे. प्रत्येक ग्रंथालयाने आपले नेमके स्थान नकाशावरून काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

‘काहीच ऐकू आले नाही’ हीदेखील नोंद आहे, हे मुलांच्या मनावर विशेषेकरून बिंबवावे. संकेत आला नाही म्हणून रकाना कोरा सोडणे किंवा शेजाऱ्याच्या वहीतून भरून काढणे, हे नोंदीशी अप्रामाणिकपणाचे होय. उपग्रह मुका झाला की अँटेना सैल झाली, याचा शोध पुढे अशाच प्रामाणिक ‘नाही’वरून लागतो.

७. आकाशातील ढग आणि अंगणातील पाऊस

शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील शेतकऱ्यास पावसाची माहिती ही हौसेची गोष्ट नसून पेरणीचा प्रश्न असतो. उपग्रह ढग दाखवितो. परंतु ढग दिसला म्हणजे पाऊस पडलाच असे नव्हे. वळवाची सर एका शिवारात कोसळते आणि ओढ्यापलीकडचे शिवार कोरडे राहते. हा भेद जमिनीवरील पर्जन्यमापकच सांगू शकतो. म्हणून उपग्रहाच्या नोंदवहीशेजारी ग्रंथालयाने पावसाची वहीही ठेवावी. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे माप रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावे. त्या वेळी जागतिक प्रमाणवेळ बरोबर तीन असते. त्यामुळे दोन्ही वह्यांची वेळ सहज जुळते.

शासनानेही आपल्याजवळील माहिती खुली करण्याचे धोरण २०१२ साली स्वीकारले आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपग्रहांनी घेतलेली भूचित्रे पाहावयास मिळतात. मुलांनी घोड किंवा भीमा नदीचे आपल्या गावाजवळील पात्र त्यावर शोधावे, आणि चित्रात जे दिसते ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. खुली माहिती म्हणजे नुसती फुकट मिळालेली माहिती नव्हे. जी कोणासही तपासता येते, वापरता येते आणि जीत चूक आढळल्यास ती दाखवून देता येते, ती खुली माहिती.

८. शाळा व ग्रंथालय यांची कामवाटणी

शाळेने निरीक्षण करावे, ग्रंथालयाने नोंद सांभाळावी, अशी ढोबळ वाटणी असावी. अँटेना बनविणे, फेरीची वेळ काढणे, ऐकणे व वही भरणे ही मुलांची कामे. वह्यांस क्रमांक देणे, त्यांची प्रत काढणे, वाचकांस त्या दाखविणे आणि वर्षअखेरीस गोषवारा फलकावर लावणे ही ग्रंथपालाची कामे. शिक्षक बदलून गेल्यास येणाऱ्या शिक्षकाने प्रथम ग्रंथालयात जाऊन वही पाहावी, असा पाठ पडावा.

हाताने काम करीत शिकण्याची परंपरा या भागात आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण मुलांनी प्रत्यक्ष उपयोगी वस्तू बनवीत शिक्षण घ्यावे, ही पद्धत रूढ केली. अँटेनासारखी वस्तू विकत न आणता वर्गात तयार करणे, हे त्याच वळणाचे काम ठरेल. प्रत्येक ग्रंथालयास स्वतंत्र यंत्र घेणे शक्य नसेल, तर बडोद्याच्या ग्रंथपेटीप्रमाणे एकच पेटी केंद्रातील गावांतून आळीपाळीने फिरवावी. मात्र वही त्या-त्या गावची स्वतंत्र असावी.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. हे केंद्र केवळ ऐकण्याचे असावे; त्यावरून काहीही प्रक्षेपित करू नये. प्रक्षेपणास हौशी वायरलेसचा परवाना लागतो. यंत्रांसंबंधीचे चालू नियम मुख्याध्यापकांनी आधी पाहून घ्यावेत. विजेच्या तारांजवळ अँटेना उभारू नये. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागताच ती उतरवावी आणि केबल यंत्रापासून सोडवावी. गच्चीवर मुलांस एकटे जाऊ देऊ नये. खुल्या नोंदींत मुलांची नावे घालू नयेत. केंद्राचा क्रमांक पुरेसा आहे.

९. स्वाध्याय

(१) एक फेरी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी सुरू झाली. जागतिक प्रमाणवेळ काढा.

(२) १ जुलै रोजी रात्री १२ वाजून ४५ मिनिटांनी संकेत ऐकला. जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदीत कोणता दिनांक व कोणती वेळ लिहाल?

(३) अवकाशस्थानक सेकंदास ७.७ किलोमीटर वेगाने जाते. आठ मिनिटांत ते आपल्या कक्षेत किती अंतर तोडील?

(४) शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आहे. १२ मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर किती लिटर पाणी पडले?

(५) दोन गावांच्या वह्यांत एकाच फेरीची नोंद भिन्न आढळली. कोणती खरी हे ठरविण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी तपासाल?

(६) गावच्या ग्रंथालयातील सर्वांत जुनी दाखल नोंदवही पाहा. तिच्यातील पहिल्या पाच पुस्तकांपैकी किती आज सापडतात, ते लिहा.

उत्तरे : (१) सकाळी ५ वाजून १२ मिनिटे. (२) ३० जून, सायंकाळी ७ वाजून १५ मिनिटे. (३) ३,६९६ किलोमीटर. (४) १,२०० लिटर. पाचव्या प्रश्नावर वर्गात चर्चा घ्यावी. सहाव्याचे उत्तर प्रत्येक गावी निराळे येईल. ते काढण्यास मुलांस ग्रंथपालांकडे पाठवावे, आणि त्याच भेटीत नव्या नोंदवहीसाठी एक फळी मागून घ्यावी.